सहा आठवडे, म्हणजे खरे तर चार

फोंड्यातल्या एका सोनोग्राफी केंद्रात वहिनीबरोबर गेले होते. भिंतीवर 'येथे गर्भलिंग निदान केले जात नाही' ही पाटी, समोरच्या पडद्यावर करड्या अंधारात लुकलुकणारा ठिपका. उकड्या तांदळाच्या दाण्याएवढा जीव. "सहा आठवडे," डॉक्टरीण म्हणाल्या. खरे तर चारच. गर्भ राहिल्याचा नेमका दिवस बहुधा कुणालाच ठाऊक नसतो, म्हणून मोजणी शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून करतात. त्यामुळे पहिल्या दोन आठवड्यांत गर्भ नसतोच. गर्भपाताच्या वादात भांडणारे कितीजण हे लक्षात ठेवून आठवडे मोजतात?

गर्भ 'व्यक्ती' कधी होतो, या वादात दोन्ही बाजू 'विज्ञान सांगते' म्हणतात. विज्ञान सांगते ते असे. बीजांड आणि शुक्राणू आधीपासूनच जिवंत असतात. ते एकत्र येऊन नवा जनुकसंच तयार व्हायलाच सुमारे एक दिवस लागतो. तो संचही लगेच कामाला लागत नाही. पहिले दोन-तीन दिवस कारभार आईच्या बीजांडातल्या शिदोरीवर चालतो. मग साधारण सहाव्या दिवसापासून भ्रूण गर्भाशयात रुजू लागतो. हृदयाची नळी फलनापासून तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात धडधडू लागते. वहिनीने पाहिली ती हीच. चार कप्पे अजून व्हायचे होते.

मला सर्वांत अडचणीचे वाटते ते जुळ्यांचे. एकाच फलित बीजांडातून होणारी जुळी साधारण चौदाव्या दिवसापर्यंत वेगळी होऊ शकतात. फलनाच्या क्षणीच 'व्यक्ती' आली म्हणायचे, तर पुढे दोन झाल्यावर त्या पहिल्या व्यक्तीचे काय झाले? उलटही घडते. दोन वेगळे भ्रूण क्वचित एकमेकांत मिसळून एकच मूल जन्मते. ब्रिटनच्या वॉर्नॉक समितीने 1984 साली प्रयोगशाळेतल्या भ्रूणावरच्या संशोधनाला चौदा दिवसांची मर्यादा सुचवली, तेव्हा हा मुद्दाही विचारात होता.

फलनानंतरचा तो जीव मानवी आहे, हे मात्र खरेच, आणि गर्भपाताला विरोध करणारे ते सांगतात तेव्हा चूक बोलत नाहीत. पण 'व्यक्ती' हा शब्द सूक्ष्मदर्शकाचा नाही, हक्कांचा आहे. 1925 साली प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे ब्रिटिश काळातल्या सर्वांत वरच्या अपील न्यायालयाने, हिंदू देवमूर्तीला कायद्यातली व्यक्ती मानले, तेव्हा पेशी कुणी मोजल्या नव्हत्या.

आमच्या गोव्यात तर ही गंमत छापील आहे. 1867 चा पोर्तुगीज नागरी कायदा 1870 पासून इथे लागू झाला. त्याचे सहावे कलम म्हणते की हक्क धारण करण्याची पात्रता जन्माने येते. पण जीव गर्भात आला की तो कायद्याच्या संरक्षणाखाली जातो, आणि संहितेत सांगितलेल्या कारणांपुरता जन्मलेलाच धरला जातो. म्हणजे व्यक्ती नाही, आणि कामापुरती आहेही. 1956 चा हिंदू उत्तराधिकार कायदाही वडील वारताना पोटात असलेल्या मुलाला वाटा देतो, ते जिवंत जन्मले तरच.

1971 चा गर्भपाताचा कायदा या भानगडीत पडतच नाही. 'व्यक्ती कधी?' असे न विचारता तो बाईची प्रकृती पाहतो. वीस आठवड्यांची मर्यादा 2021 च्या दुरुस्तीने ठरावीक स्त्रियांसाठी चोवीस झाली. गर्भात गंभीर दोष असेल, तर वैद्यकीय मंडळाच्या निर्णयाने त्यापुढेही. ऑक्टोबर 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चोवीस आठवडे उलटून गेलेल्या एका विवाहितेला परवानगी नाकारली. आधीची दोन मुले, अंगावर पाजत असल्याने पाळी नव्हती, दिवस गेल्याचे तिला कळलेच नव्हते.

घरी आलो तर आईने आठवडे-बिठवडे ऐकूनच घेतले नाहीत. बोटांवर मोजून म्हणाली, "दुसरा लागला. तिसरा पुरा होईस्तोवर कुणाला सांगू नका." आपोआप होणारे बहुतेक गर्भपात होतात ते याच पहिल्या तीन महिन्यांत. वहिनीने फाईल कपाटात साड्यांखाली सरकवली.