नवं वेब-ॲप कळायचं कुठून?

१९९४च्या सुरुवातीला स्टॅनफर्ड विद्यापीठात जेरी यांग आणि डेव्हिड फिलो हे दोन विद्यार्थी पीएच.डी. बाजूला ठेवून आवडलेल्या संकेतस्थळांची यादी करत बसले होते. ज्या दोन संगणकांवर हा उद्योग चालायचा त्यांना त्यांनी सुमो पैलवानांची नावं दिली होती, आकेबोनो आणि कोनिशिकी. ही यादी म्हणजेच पुढची याहू डिरेक्टरी. तेव्हापासून आजवर असं दिसतं की नवं काही शोधून देणारी मोठी जागा बहुतेक वेळा आधी कुणाची तरी खासगी वही असते.

याहूत प्रत्येक नोंद माणूस डोळ्यांखालून घालायचा. पुढे व्यापारी संकेतस्थळांना नोंदीसाठी वर्षाला २९९ डॉलर मोजावे लागू लागले. १९९८मध्ये स्वयंसेवकांच्या बळावर डीमॉझ ही तशीच दुसरी डिरेक्टरी उभी राहिली. याहू डिरेक्टरी २०१४च्या अखेरीस बंद झाली, डीमॉझ मार्च २०१७मध्ये.

पण या याद्या होत्या वाचायच्या पानांच्या. वापरायची वस्तू म्हणून वेब, म्हणजे ब्राउझरमध्येच चालणारं वेब-ॲप, खऱ्या अर्थाने समोर आलं ते १ एप्रिल २००४च्या जीमेलनंतर. फेब्रुवारी २००५मध्ये गूगल मॅप्स आलं. माउसने नकाशा धरून ओढला की तो सरकायचा आणि पान पुन्हा लोड व्हायचं नाही. हे पहिल्यांदा पाहताना हात थांबायचा नाही. त्याच महिन्यात जेसी जेम्स गॅरेट यांनी या तंत्राला ‘एजॅक्स’ हे नाव दिलं. दोघा-तिघांची टोळी काही आठवड्यांत ॲप उभं करू लागली, कोपऱ्यात ‘बीटा’चा, म्हणजे अजून चाचणी चालू असल्याचा, शिक्का असायचाच. (जीमेलवरचा तो शिक्का २००९पर्यंत निघाला नव्हता!)

अशा वस्तूची डिरेक्टरीतल्या एका ओळीत ओळख होत नाही. कुणीतरी खातं उघडावं, दोन दिवस वापरावं, अडतं कुठे ते लिहावं, हे काम ब्लॉगांनी केलं. न्यूझीलंडमधून रिचर्ड मॅकमॅनस २००३पासून लिहीत होतेच. जून २००५मध्ये मायकल ॲरिंग्टन यांनी कॅलिफोर्नियातल्या घरातून टेकक्रंच सुरू केलं आणि पुढच्याच महिन्यात स्कॉटलंडमधल्या १९ वर्षांच्या पीट कॅशमोरने मॅशेबल. ॲप काय करतं, बनवलं कुणी, त्याच्यासारखं आधीच काय आहे, असा टेकक्रंचचा सुरुवातीचा साधा साचा. मला तो आजही आदर्श वाटतो. पाठोपाठ इस्रायलमधून गोटूवेबट्वेंटी आलं, म्हणजे लोगोंची एक भलीमोठी भिंत. हवा तो लोगो दाबा आणि माहिती वाचा.

मग ब्लॉगांचाही धंदा झाला. ॲपपेक्षा त्यात कुणी किती पैसा घातला याच्या बातम्या वाढल्या. २०१०मध्ये एओएल या अमेरिकी इंटरनेट कंपनीने टेकक्रंच विकत घेतलं. दरम्यान २००८मध्ये ॲपलचं ॲप स्टोअर सुरू झालं होतं आणि नव्याची ओढ फोनकडे वळली होती. जुलै २०१३मध्ये गूगल रीडर बंद पडलं. रोज सकाळी हे सगळे ब्लॉग एका जागी वाचायची सोय गेली.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये रायन हूवर यांनी मित्रांना नव्या ॲपची नावं ईमेलने पाठवायला सुरुवात केली. पुन्हा खासगी वहीच. तिचं प्रॉडक्ट हंट झालं, म्हणजे रोज नवी ॲप मांडायची आणि लोकांनी त्यांना मतं द्यायची अशी जागा. तिथला दिवस कॅलिफोर्नियातल्या मध्यरात्री सुरू होतो, म्हणजे आपल्याकडे दुपारी साडेबारा, आणि तिकडे हिवाळ्यात घड्याळं तासभर मागे घेतली की दीड. पुण्यातून कुणी आपलं ॲप तिथे लावलं, तर पहिली मतं पडू लागतात तेव्हा इथे जेवणाची वेळ झालेली असते.