टॉप ट्यूब की रीच? रोड बाइकच्या फ्रेमचा साइज ठरवताना

रोड बाइक घ्यायची म्हणून कंपनीचा जिओमेट्री चार्ट (फ्रेमच्या मापांचा तक्ता) उघडला की पंधरा-वीस आकडे अंगावर येतात. त्यातले दोन एकच गोष्ट सांगतात असं भल्याभल्यांना वाटतं: इफेक्टिव्ह टॉप ट्यूब आणि रीच. दोन्ही मिलिमीटरमध्ये, दोन्ही आडवी अंतरं, आणि दोन्हींवरून बाइक लांब की आखूड ते ठरवायचं. पण टॉप ट्यूब मोजायची सुरुवात होते सीटच्या बाजूने आणि रीचची होते पेडलच्या बाजूने. साइज चुकतो तो बहुतेक वेळा इथेच.

आधी फ्रेमच्या साइजच्या ५४, ५६ या नंबरांचं काय ते उरकून टाकू. टॉप ट्यूब, म्हणजे सीटपासून हँडलकडे जाणारी वरची नळी, जमिनीला समांतर असायची त्या काळात हा नंबर म्हणजे सीट ट्यूबची (सीटखालच्या उभ्या नळीची) सेंटिमीटरमधली लांबी. तेव्हाही कोणी ती वरच्या टोकापर्यंत मोजे, कोणी टॉप ट्यूबच्या मध्यापर्यंत, म्हणजे गोंधळ होताच. १९९० च्या दशकाच्या शेवटी माइक बरोज यांनी डिझाइन केलेली जायंट कंपनीची टीसीआर ही रोड बाइक आली, मागे उतरत जाणारी टॉप ट्यूब रोड रेसिंगमध्ये रुळली आणि सीट ट्यूब आखूड झाली. तेव्हापासून हा नंबर म्हणजे नुसतं लेबल. एका कंपनीचा ५४ दुसऱ्या कंपनीच्या ५४ शी जुळेलच असं नाही.

मग लोक इफेक्टिव्ह टॉप ट्यूबकडे वळले. हेड ट्यूबच्या (हँडलखालच्या पुढच्या नळीच्या) वरच्या तोंडाच्या मध्यापासून मागे जमिनीला समांतर रेघ काढायची. ती सीटपोस्टच्या (सीट धरणाऱ्या दांड्याच्या) मध्यरेषेला जिथे मिळते तिथवरचं अंतर ते हे. रीच मोजताना बॉटम ब्रॅकेटच्या (पेडलचे दांडे फिरतात त्या आसाच्या) मध्यातून ओळंब्यात उभी रेघ वर न्यायची आणि त्या रेघेपासून हेड ट्यूबच्या त्याच मध्यापर्यंत आडवं मोजायचं. त्याच दोन बिंदूंमधलं उभं अंतर म्हणजे स्टॅक. रीचमध्ये सीट ट्यूबचा संबंधच येत नाही, आणि टॉप ट्यूबचा आकडा तर सीट ट्यूबच्या जमिनीशी होणाऱ्या कोनावरच हलतो.

किती हलतो ते बघा. दोन फ्रेम घेऊ. दोघींची टॉप ट्यूब ५४५, दोघींचा स्टॅक ५५०. पहिलीचा सीट ट्यूबचा कोन ७३ अंश, दुसरीचा ७४. चार्टवर या जुळ्या बहिणी. गणित केलं (रीत शेवटच्या परिच्छेदात आहे) तर पहिलीचा रीच निघतो ३७७ आणि दुसरीचा ३८७. आता सीट कुठे हवी ते तुमच्या मांडीची लांबी आणि पेडल मारण्याची पद्धत ठरवते, तेही बॉटम ब्रॅकेटच्या संदर्भात. फ्रेम बदलली म्हणून ती जागा बदलत नाही. त्यामुळे दुसऱ्या फ्रेमवर तुम्ही सीट तिच्याखालच्या रेल्सवर मागे सरकवणार, हँडल मात्र पुढेच राहणार, आणि एक सेंटिमीटर जास्त वाकावं लागणार. चढावर उभं राहून पेडल मारताना तर सीटचा प्रश्नच नसतो. तिथे हाताला जाणवतो तो फक्त रीच.

सर्वांत जास्त फसगत होते ती कमी उंचीच्या सायकलस्वारांची. चाक तेच ७००सी (रोड बाइकच्या चाकाचा नेहमीचा साइज), त्यामुळे छोट्या फ्रेममध्ये हँडल फार मागे आणलं तर वळताना बुटाचं टोक पुढच्या चाकाला लागतं. मग डिझाइनर हेड ट्यूब फारशी मागे आणत नाही, सीट ट्यूब उभी करतो. उदाहरणार्थ, एका फ्रेमची टॉप ट्यूब ५३५, कोन ७३.५ अंश, स्टॅक ५३५. तिच्याखालच्या साइजची टॉप ट्यूब ५२०, कोन ७४.५, स्टॅक ५२०. चार्ट म्हणतो दीड सेंटिमीटर आखूड. रीच काढा: दोन्हींचा ३७६ च्या आसपास! हँडल पंधरा मिलिमीटर खाली गेलं, जवळ आलंच नाही. खांदे दुखतात म्हणून छोटा साइज घेणाऱ्याला हे चांगलंच महागात पडतं.

म्हणजे नुसता रीच बघितला की झालं? तसंही नाही. हेड ट्यूब मागे झुकलेली असते, म्हणून स्पेसर (हँडलखालच्या कड्या) घालून हँडल वर नेलं की ते थोडं मागेही येतं: ७३ अंशाच्या हेड ट्यूबला दर १० मिलिमीटर उंचीमागे साधारण ३ मिलिमीटर. समजा एका फ्रेमचा स्टॅक ५७० आणि रीच ३८५; दुसरीचा स्टॅक ५४५ आणि रीच ३९०. दुसरी लांब वाटते ना? तिचं हँडल पहिलीच्या उंचीवर आणायला २५ मिलिमीटर वर न्यावं लागेल, त्यात रीच साडेसात मिलिमीटरने घटून ३८२ वर येईल. लांब दिसणारी फ्रेम प्रत्यक्षात आखूड निघाली. म्हणून मी आधी स्टॅक बघतो. हँडलची उंची बेताच्या स्पेसरमध्ये जुळत असेल तरच त्या फ्रेमचा रीच वाचण्यात अर्थ आहे.

तुलनेसाठी आपल्या आताच्या, अंगाला बसलेल्या बाइकचे आकडे हवेत. ते घरी मोजता येतात. सपाट फरशीवर मागचं चाक भिंतीला टेकवून बाइक अगदी सरळ उभी धरा. भिंतीपासून बॉटम ब्रॅकेटच्या मध्यापर्यंत मोजा, मग भिंतीपासून हेड ट्यूबच्या वरच्या मध्यापर्यंत. दोन्हींची वजाबाकी म्हणजे रीच. फरशीपासून तेच दोन बिंदू मोजले की स्टॅक. बाइक धरायला दुसरं माणूस घ्या. ती जरा कलली तरी आकडा बिघडतो, आणि शेजारशेजारच्या साइजमध्ये रीचचा फरक अनेकदा पाच-दहा मिलिमीटरचाच असतो. तेवढा फरक तर नुसतं हँडलबार बदलूनही पडू शकतो, कारण ड्रॉप बारचा (रोड बाइकच्या खाली वळलेल्या हँडलचा) स्वतःचा रीच, म्हणजे तो पुढे किती जातो, ७० पासून ९० मिलिमीटरपर्यंत काहीही असतो. तोही टिपून ठेवा, स्टेमची (हँडल फ्रेमला जोडणाऱ्या तुकड्याची) लांबीही. नव्या फ्रेमवर ९० ते १२० मिलिमीटरमधला स्टेम पुरत असेल तर साइज ठीक. ७० चा लावल्याशिवाय हात पोचत नसतील तर दुसरी फ्रेम बघा.

स्टॅक-रीचची ही पद्धत पुढे आणली डॅन एम्पफील्ड यांनी, आणि ते ट्रायथलॉनमधले, यात नवल नाही. ट्रायथलॉनच्या बाइकचा सीट ट्यूबचा कोन रोड बाइकपेक्षा बराच उभा असतो. तिथे टॉप ट्यूबच्या आकड्यावरून काहीच कळत नाही.

तरी टॉप ट्यूबचा आकडा अगदीच टाकाऊ नाही. जुन्या स्टीलच्या फ्रेमच्या माहितीत रीच सहसा नसतोच. तेव्हा स्टॅक मोजा, सीट ट्यूबचा कोन ७३ असेल तर त्याला ०.३०६ ने, ७४ असेल तर ०.२८७ ने गुणा आणि उत्तर इफेक्टिव्ह टॉप ट्यूबमधून वजा करा. रीच हातात येतो. ज्यांची मांडी लांब आहे त्यांनी तर सीट ट्यूबचा कोन आधी बघावा. कोन उभा असेल तर सीट पुरेशी मागे जाईल का? साधा गोल सीटपोस्ट असेल तर २५ मिलिमीटर मागे नेणारा घालता येतो. पण एअरो (हवेचा अडथळा कमी करणाऱ्या) फ्रेमला कंपनीचाच सीटपोस्ट लागतो, आणि तो मागे जाणारा मिळत नसेल तर रीच कितीही जुळो, ती फ्रेम यादीतून काढून टाकलेली बरी.