‘मला दिशाच कळत नाहीत’ हे जन्मजात असतं का?

“मला रस्तेच कळत नाहीत, जन्मजातच!” आमची बडोद्याच्या दांडियाबाजारची आत्या नेहमी म्हणते. आत्या, हे खरं नाही गं. लंडनमध्ये टॅक्सीच्या परवान्यासाठी सुमारे २५,००० रस्ते पाठ करावे लागतात. कॅथरीन वूलेट आणि एलिनॉर मॅग्वायर या मेंदू-संशोधकांनी ७९ शिकाऊ चालकांचे मेंदू सुरुवातीलाच तपासले. पुढे पास होणारे आणि नापास होणारे यांच्यात तेव्हा फरक दिसला नाही. काही वर्षांनी ३९ जण पास झाले, आणि फक्त त्यांच्याच मेंदूत हिप्पोकॅम्पसचा (जागा आणि वाटा लक्षात ठेवायला मदत करणाऱ्या भागाचा) मागचा भाग वाढलेला आढळला! हा अभ्यास २०११चा.

उपजत फरक थोडाफार असेलही, पण सराव मोठा. बडोद्याच्या जुन्या शहरातल्या मांडवी या इमारतीखाली उभी राहा, चारही दिशांना शहराचे दरवाजे: पूर्वेला पाणीगेट, पश्चिमेला लहेरीपुरा, उत्तरेला चांपानेर, दक्षिणेला गेंडीगेट. आता मोबाइल पिशवीत टाक आणि न्यायमंदिरापर्यंत चालत ये.