हळदीची पेवे, अणुइंधन आणि पाणी

सांगलीत हळदीच्या व्यापाऱ्याला पाण्याची धास्ती वेगळी सांगावी लागत नाही. हरिपूरच्या जमिनीखालच्या पेवांत पिढ्यानपिढ्या हळद टिकली आणि २००५ च्या महापुरात त्यातली बरीच पेवे गेली. अणुभट्टीतून काढलेले इंधन साठवणारेही पाण्याचाच हिशेब मांडत बसतात, पण कारण उलटे. त्यांचा माल पाण्याने नासत नाही, जागा होऊ शकतो.

युरेनियम-२३५ चा अणू फुटला की दोन-तीन न्यूट्रॉन सुसाट सुटतात. त्यांनी पुढचे अणू सहज फोडून साखळी चालू ठेवायची तर वेग मंदावायला हवा, आणि ते काम पाणी चोख करते. वापरलेल्या इंधनात थोडे युरेनियम-२३५ उरलेले असते, शिवाय भट्टीतच तयार झालेले प्लुटोनियम. म्हणून वाहतुकीचे पिंप कितीही घट्ट असो, हिशेब करताना आत पाणी शिरले आहे असेच धरतात. न्यूट्रॉनांची एक पिढी हजाराची असेल तर पुढची ९५० च्या आत राहावी, म्हणजे साखळी विझत जाते, हा रूढ दंडक.

सुरुवातीला असे अंदाज हाताने प्रयोग करूनच घेतले जात. अमेरिकेच्या लॉस अलामॉस या अणुबॉम्बच्या प्रयोगशाळेत १९४५ साली हॅरी डॅघलियन आणि १९४६ साली लुई स्लोटिन प्लुटोनियमच्या एकाच गोळ्यावर काम करताना किरणोत्साराने दगावले. त्याच १९४६ साली आजारातून उठत असलेले गणितज्ञ स्टानिस्लॉ उलाम एकट्याने पत्ते खेळत होते. डाव सुटण्याची शक्यता सूत्राने काढत बसण्यापेक्षा पुष्कळ डाव लावून सरळ मोजावेत, असे त्यांच्या मनात आले. गणितज्ञ जॉन फॉन नॉयमन यांनी ही युक्ती न्यूट्रॉनांना लावली आणि १९४८ मध्ये ती एनिअ‍ॅक संगणकावर चालली. प्रत्येक न्यूट्रॉन म्हणजे एक डाव: आदळला, शोषला गेला की निसटला. नाव पडले जुगाराच्या गावाचे, मॉन्टे कार्लो. पुढे अमेरिकेच्याच ओक रिज प्रयोगशाळेत याच पद्धतीवर 'केनो' ही आज्ञावली तयार झाली.

खरी पंचाईत इंधनाचीच होती. ते किती जळले हे नेमके माहीत नसल्याने बराच काळ ते कोरे करकरीत आहे असे मानूनच गणित होई. सुरक्षित खरे, पण पिंपात इंधनकांड्यांच्या कमी जुड्या मावत. अमेरिकेत १९७७ साली वीजभट्ट्यांच्या इंधनाची पुनर्प्रक्रिया, म्हणजे त्यातले कामाचे युरेनियम-प्लुटोनियम वेगळे काढणे, बेमुदत थांबवायचे ठरले, वापरलेले इंधन ठेवण्याचे पाण्याचे तलाव भरत गेले, आणि जळालेल्या भागाची सूट हिशेबात धरण्याचा आग्रह वाढला. या सूटीला 'बर्नअप क्रेडिट' म्हणतात. त्यात एक मेख आहे. कांडी मधोमध जास्त जळते, दोन्ही टोकांना कमी. उसाचा बुडखा गोड आणि शेंडा पाणचट हे आपल्याकडे पोरालाही ठाऊक असते, तसेच हे. सरासरीवर विसंबले तर टोके दगा देतात.

भारतात बहुतेक भट्ट्या जड पाण्याच्या, नैसर्गिक युरेनियमच्या. ते साध्या पाण्यात कसेही रचले तरी साखळी चालत नाही. तारापूरच्या १९६९ च्या पहिल्या दोन भट्ट्या आणि कुडनकुलम मात्र समृद्ध, म्हणजे युरेनियम-२३५ चे प्रमाण वाढवलेल्या युरेनियमवरच्या, आणि तिथे हा हिशेब चुकवून चालत नाही.