निळा दिवा, बी-१२ आणि एक रिकामे कडे

ठाण्यात माझ्या बहिणीच्या घरी सध्या मुरुमांविरुद्ध तीन आघाड्या उघडल्या आहेत. पंधरा वर्षांच्या भाचीला राम मारुती रोडवरच्या एका ब्युटी पार्लरच्या काचेत पाहिलेला निळ्या प्रकाशाचा मुखवटा हवा आहे. तिच्या आईने ‘कसली तरी कमतरता असणार’ असे ठरवून बी-१२ असलेल्या गोळ्या सुरू केल्या आहेत, आणि आजीने घरातले तळण बंद केले आहे. यांपैकी निळा दिवा आणि बी-१२ यांचे एकमेकांशी नाते असेल, असे तिघींपैकी कोणालाही वाटले नव्हते. ते नाते आहे, आणि ते पोर्फिरिन नावाच्या रेणूतून जाते.

मुरूम रोमकूपात, म्हणजे केस जिथून उगवतो त्या सूक्ष्म नळीत तयार होतो. वयात येताना अँड्रोजेन संप्रेरके वाढतात, तैलग्रंथी अधिक सीबम, म्हणजे त्वचेचे तेल, स्रवू लागतात, नळीच्या तोंडाशी मृत पेशी साचून बूच बसते आणि आत क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस हा जिवाणू फोफावतो. हा जिवाणू जवळपास प्रत्येकाच्या त्वचेवर असतो. त्यामुळे मुरूम हा अस्वच्छतेचा पुरावा नव्हे आणि ‘रक्त बिघडल्याचा’ तर नव्हेच. रक्तशुद्धीचे काढे विकणाऱ्यांना हे रुचणार नाही, पण ते काम यकृत आणि मूत्रपिंडे विनामूल्य करत असतात.

आता पोर्फिरिनकडे वळू. नायट्रोजन असलेली चार छोटी वलये एकमेकांना जोडून एक मोठे कडे तयार होते, असे त्याचे रूप डोळ्यांसमोर आणावे. या घराण्यातल्या कड्यात लोह बसले की रक्तातला हीम होतो, मॅग्नेशियम बसले की पानातले हरितद्रव्य आणि कोबाल्ट बसले की जीवनसत्त्व बी-१२. आपला जिवाणू मात्र कोप्रोपोर्फिरिन-३ नावाची धातूविना रिकामी कडी मोठ्या प्रमाणावर तयार करून बाहेर टाकतो. अंधाऱ्या खोलीत त्वचारोगतज्ज्ञ वूडचा दिवा (अतिनील प्रकाशाचा) चेहऱ्यावर धरतात तेव्हा नाकाच्या आजूबाजूला दिसणारे नारिंगी-तांबडे ठिपके याच कड्यांचे असतात.

कडे रिकामे असणे इथे निर्णायक ठरते. हीममधले लोह शोषलेली प्रकाश-ऊर्जा क्षणार्धात उष्णतेत विरवून टाकते, म्हणून आपले रक्त उजेडात विषारी होत नाही. रिकाम्या कड्याला ही सोय नसते. ते सुमारे ४०० ते ४२० नॅनोमीटर तरंगलांबीचा निळा-जांभळा प्रकाश अधाशासारखे शोषते आणि त्यातला इलेक्ट्रॉन वरच्या पातळीवर जातो. तिथून तो लगेच खाली न येता कधी कधी आपली फिरकी (स्पिन) उलटवून ‘ट्रिप्लेट’ अवस्थेत अडकून पडतो. खाली उतरण्यासाठी फिरकी पुन्हा उलटावी लागत असल्याने या अवस्थेचे आयुष्य तुलनेने दीर्घ असते. योगायोग असा की हवेतला साधा ऑक्सिजनही ट्रिप्लेटच असतो. त्याचे दोन इलेक्ट्रॉन जोडी न लावता एकाच दिशेने फिरतात, आणि म्हणूनच ज्वलन घडवणारा हा वायू चहूकडे असूनही आपण पेट घेत नाही. हे दोन ट्रिप्लेट भेटले की कडे आपली ऊर्जा ऑक्सिजनला देऊन शांत होते आणि ऑक्सिजन ‘सिंग्लेट’, म्हणजे कितीतरी अधिक क्रियाशील, बनतो. त्यासाठी एक इलेक्ट्रॉन-व्होल्टहून (हे ऊर्जेचे सूक्ष्म एकक) थोडी कमीच ऊर्जा पुरते, तर निळ्या प्रकाशाचा एक फोटॉन सुमारे तीन इलेक्ट्रॉन-व्होल्टचा असतो. सिंग्लेट ऑक्सिजन पाण्यात काही मायक्रोसेकंदच टिकतो, पण तेवढ्यात भेटेल त्या स्निग्ध पदार्थाचे ऑक्सिडीकरण करतो. आणि तो जिथे जन्मला तिथेच जिवाणूचे आवरण असते. थोडक्यात, जिवाणू स्वतःच्या दारूगोळ्याने मरतो, दिवा केवळ काडी लावतो.

प्रकाशाने त्वचारोग बरे करण्याची कल्पना जुनी आहे. त्वचेच्या क्षयावरील प्रकाशोपचारासाठी नील्स फिन्सेन यांना १९०३ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले होते. मुरुमांसाठीच्या निळ्या दिव्याला अमेरिकेत २००२ मध्ये परवानगी मिळाली. मग भाचीला मुखवटा का घेऊ देऊ नये? एक तर, बूच बसलेल्या रोमकूपात ऑक्सिजन फारसा नसतो (या जिवाणूला ते मानवतेच), आणि ऑक्सिजनाविना वरची सारी साखळी तुटते. दुसरे म्हणजे, निळा प्रकाश त्वचेत एक मिलिमीटरही धड शिरत नाही. तांबडा खोल जातो, पण पोर्फिरिन तो फारच कमी शोषते. वैद्यकीय चाचण्यांचा एकत्रित आढावा घेणाऱ्या कोक्रेन संस्थेने २०१६ मध्ये ७१ चाचण्या तपासल्या, तेव्हा प्रकाशोपचारांच्या बाजूने भक्कम म्हणावा असा पुरावा हाती आला नाही. शिवाय आपल्यासारख्या गव्हाळ-सावळ्या त्वचेत ४१५ नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश रंगद्रव्य वाढवतो, ही गोष्ट जाहिरातीतल्या गोऱ्यापान चेहऱ्यावरून कळण्याची शक्यता नाही. मुरूम जाऊन डाग राहिला, तर भाचीला तो सौदा परवडणार नाही.

बी-१२ची कथा याहून चमत्कारिक आहे. बी-१२ घेणाऱ्या काहींच्या चेहऱ्यावर अचानक मुरुमे उठतात, हे डॉक्टरांना अनेक दशके ठाऊक होते. कॅलिफोर्नियातील संशोधकांनी २०१५ मध्ये त्याचे एक संभाव्य कारण दाखवले. हा जिवाणू बी-१२ स्वतः बनवतो, आणि बी-१२ व पोर्फिरिन या दोन्हींचा कच्चा माल एकाच वाटेने येतो. त्वचेत बी-१२ आयते मिळू लागले की जिवाणू आपला कारखाना मंदावतो, उरलेला माल पोर्फिरिनकडे वळतो, आणि त्या पोर्फिरिनमुळे दाह भडकतो. अभ्यास लहान होता. इंजेक्शन दिलेल्या दहा निरोगी व्यक्तींपैकी एकीलाच मुरुमे आली. ज्यांच्या रक्तात बी-१२ खरोखर कमी आहे, आणि शाकाहारी घरांत असे अनेक असतात, त्यांनी ते मुळीच थांबवू नये, कारण कमतरतेमुळे होणारी नसांची हानी मुरुमांहून कितीतरी गंभीर असते. परंतु रक्त न तपासता, केवळ मुरुमांसाठी ते घेणे म्हणजे आगीत तेल ओतणे ठरू शकते.

ड जीवनसत्त्वाची पातळी मुरुमे असलेल्यांमध्ये अनेकदा कमी आढळते, पण कमतरतेमुळे मुरुमे येतात हे त्यावरून सिद्ध होत नाही. आणि निळ्या दिव्याखाली बसून ड जीवनसत्त्व मिळत नाही. त्याला सूर्यप्रकाशातले अतिनील-बी किरण लागतात, आणि घोडबंदर रोडवरच्या उंच इमारतींच्या बंद काचा तेही अडवतात.

उरले आजीचे तळण. खाल्लेले तेल थेट चेहऱ्यावर येत नाही. सीबम ग्रंथी स्वतः बनवते. संशय आहे तो रक्तातली साखर झटपट चढवणाऱ्या अन्नावर, कारण त्यामुळे इन्सुलिन आणि आयजीएफ-१ हे वाढीचे संप्रेरक वाढतात व तैलग्रंथींना चालना मिळते. ऑस्ट्रेलियात २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत १५ ते २५ वयाच्या ४३ तरुणांपैकी ज्यांना बारा आठवडे असे अन्न कमी दिले, त्यांची मुरुमे इतरांपेक्षा अधिक घटली. तेव्हा ठाणेकरांनी मिसळीच्या तर्रीला दोष देण्यापूर्वी सोबतच्या पावाकडे आणि नंतरच्या थंड पेयाकडे पाहावे.

भाचीला शेवटी डॉक्टरांनी बेन्झॉइल पेरॉक्साइडचे अडीच टक्क्यांचे मलम लिहून दिले. तेही मुक्त मूलके, म्हणजे अतिशय क्रियाशील कण, सोडून जिवाणूचे ऑक्सिडीकरणच करते, तेही दिव्याविना आणि मुखवट्याच्या किमतीच्या अगदी लहान अंशात. त्याने रंगीत कापडाचा रंग उडतो, हे मात्र सांगायचे राहून गेले, आणि आजीच्या गर्द निळ्या टॉवेलवर आता पांढरे ढग उमटले आहेत.