जठराची नळी होते तेव्हा

अन्ननलिकेच्या कॅन्सरची शस्त्रक्रिया होऊन माणूस घरी आला की सगळे त्याच्या ताकदीच्या मागे लागतात. ग्लुकोजचं पाणी, फळांचा रस, गोड सरबत. पेला रिकामा होऊन 20 मिनिटं होत नाहीत तोच त्याला दरदरून घाम फुटतो, छाती धडधडते, पोटात मुरडा येतो. घरात घबराट उडते: कॅन्सर परत तर आला नाही ना? पुष्कळदा यामागे असतं ते शाळेत शिकलेलं परासरण, म्हणजे पातळ पडद्यातून पाणी दाट द्रावणाकडे ओढलं जाणं.

आधी शस्त्रक्रियेचं सांगतो. अन्ननलिका सुमारे 25 सेंटिमीटर लांब. तिचा रोगट भाग काढल्यावर घास खाली जाणार कसा? 1913 मध्ये न्यूयॉर्कमध्ये फ्रान्झ टोरेक यांनी छातीतली अन्ननलिका यशस्वीपणे काढली, तेव्हा मानेतलं छिद्र आणि जठरातलं छिद्र शरीराबाहेरून रबरी नळीने जोडलं होतं. त्या नळीवर ती रुग्ण दहा वर्षांहून अधिक जगली! आज बहुतेक वेळा जठरच शिवून अरुंद नळीसारखं करतात, मुख्यतः एका धमनीच्या रक्तावर ते जिवंत ठेवतात आणि वर छातीत किंवा मानेपर्यंत ओढून जोडतात.

पण जठर म्हणजे शरीराचं कोठार. घास गिळला की त्याचा वरचा भाग सैल होऊन जागा करतो. हा निरोप व्हेगस नस पोचवते. शस्त्रक्रियेत तीही कापली जाते. कोठार गेलं, निरोप्या गेला. आता अन्न थोडं थोडं न झिरपता भसकन लहान आतड्यात उतरू शकतं.

साखरेचं दाट द्रावण तिथे पोचलं की आतड्याच्या भिंतीतून पाणी त्याच्याकडे ओढलं जातं. ते येतं रक्तातून. रक्ताचं आकारमान घटतं, हृदय वेगाने धावतं, चक्कर येते. इकडे फुगलेलं आतडं कळा देतं, जुलाब होतात. ही पहिली लाट, साधारण 10 ते 30 मिनिटांत येणारी. दुसरी 1 ते 3 तासांनी. साखर एकदम शोषली गेल्यावर आतड्यातून जीएलपी-1 हे संप्रेरक उसळतं, स्वादुपिंड गरजेपेक्षा जास्त इन्शुलिन सोडतं आणि रक्तातली साखर घसरते. हात थरथरतात, डोकं गरगरतं. अशा वेळी थोडं गोड द्यावंच लागतं. पण पाठोपाठ साधं काही खाल्लं नाही, तर तेच चक्र पुन्हा फिरू शकतं. या अवस्थेला डम्पिंग म्हणतात.

म्हणून दिवसातून सहा-आठ वेळा थोडं थोडं खायचं, प्रथिनं भरपूर घ्यायची, पाणी जेवणाबरोबर न पिता अर्ध्या तासाच्या अंतराने प्यायचं. अन्ननलिका आणि जठर यांच्यामधली झडपही गेलेली असते, त्यामुळे आडवं होताच पित्त वर येतं. रात्री पाठ-डोकं उंचावर हवं.

इथे एक भ्रम खोडून काढायलाच हवा. ‘साखर बंद केली की कॅन्सर उपाशी मरतो’ हा संदेश फिरवणारे माणसाचं नुकसान करतात. खाण्यातून साखर मिळाली नाही तरी यकृत प्रथिनांपासून ग्लुकोज बनवतं, आणि ती प्रथिनं स्नायूंमधून ओरबाडली जातात. इथे गोड कमी करायचं ते डम्पिंग टाळण्यासाठी. एकूण खाणं कमी करायचं नाही. वजन घटणं हाच या रुग्णांचा मोठा शत्रू आहे.

आणि ‘खात का नाहीस?’ म्हणून रागावू नका. भूक जागवणारं घ्रेलिन हे संप्रेरक मुख्यतः जठराच्या वरच्या भागात तयार होतं आणि शस्त्रक्रियेनंतर ते घटतं. उलट जेवणानंतर उसळणारं जीएलपी-1 पोट भरल्याचा निरोप मेंदूला देतं. दोन घासांत खरंच पोट भरतं. भुकेची वाट न पाहता घड्याळाकडे पाहून जेवायचं.

घास अडकू लागला, तर मात्र त्याला डम्पिंग समजून घरी बसू नका. जोडाची जागा आकसलेली असू शकते. दुर्बिणीतून फुगा घालून ती रुंद करता येते. कॅन्सर परतला आहे का, हेही त्याच तपासणीत पाहतात.