निर्दोष-सुटका संस्था व तिचं नेतृत्व

न केलेल्या गुन्ह्यात शिक्षा लागलेल्या माणसाला पुराव्याच्या जोरावर सोडवणारी ना-नफा संस्था, आणि ती चालवणाऱ्याचं काम. वकिलांच्या तोंडी 'इनोसन्स प्रोजेक्ट' हेच नाव जास्त. नुसता जामीन मिळवून देणारी संस्था यात धरत नाहीत.

उगमाबद्दल एकमत नाही. बहुतेक ठिकाणी १९९२ साल दिलेलं असतं, म्हणजे न्यूयॉर्कच्या कार्डोझो लॉ स्कूलमध्ये बॅरी शेक आणि पीटर न्यूफेल्ड यांनी इनोसन्स प्रोजेक्ट काढला ते साल (स्वतंत्र संस्था झाली ती २००४ मध्ये). पण जिम मॅक्लॉस्की हा धर्मशास्त्राचा विद्यार्थी त्याआधीच अमेरिकेतल्या ट्रेंटनच्या तुरुंगात जायचा, तिथल्या एका कैद्याची केस त्याने १९८० च्या सुमाराला अंगावर घेतली आणि १९८३ मध्ये सेंचुरियन मिनिस्ट्रीज ही अशीच संस्था उभी केली, तीही डीएनएचा कोर्टात पत्ताच नव्हता तेव्हा. नुसत्या पायपिटीने नवे साक्षीदार शोधायची ही पद्धत भारताला जास्त जवळची, म्हणून इथे १९८३ च धरलेलं बरं.

भारतात खरी अडचण अशी की सुप्रीम कोर्टापर्यंत अपील फेटाळलं गेलं की दरवाजे जवळजवळ बंद होतात. उरतं काय, तर पुनर्विलोकन याचिका, २००२ च्या निकालातनं आलेली क्युरेटिव्ह पिटिशन (पुनर्विलोकनही फेटाळल्यावरची शेवटची याचिका), आणि राज्यघटनेच्या कलम ७२ किंवा १६१ खाली राष्ट्रपतींची किंवा राज्यपालांची दया. पण दयेने शिक्षा माफ झाली तरी दोषी हा शिक्का पुसला जात नाही. जालन्याच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने २००९ मध्ये ६ जणांना फाशीची शिक्षा सुनावली आणि २०१९ मध्ये त्याच कोर्टाने सहाही जणांना निर्दोष सोडलं. असं क्वचितच होतं. दुसरं म्हणजे मुद्देमाल. अपीलं संपली की त्याची विल्हेवाट लागते, मग तपासणार काय? २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने डीएनए नमुने ४८ तासांत लॅबला पोचवायचे, कुणाच्या हातातनं कुणाकडे गेले याचं रजिस्टर ठेवायचं असं सांगितलं, पण जुन्या केसेसना त्याचा काय उपयोग.

गोव्यात हायकोर्टाचं खंडपीठ १९८२ पासून, आता पर्वरीला. मध्यवर्ती तुरुंग आग्वादहून २०१५ मध्ये कोलवाळला गेला, फॉरेन्सिक लॅब वेर्ण्याला. अंतरं किरकोळ, भाषेचं अंतर मोठं. पंचनामा इंग्रजीत टाइप केलेला, पंच कोंकणी बोलणारा, आरोपी कधी कधी कर्नाटकातनं मजुरीला आलेला. अशी फाइल हातात आली की पहिल्यांदा पंचाची सही आणि लाखेच्या सीलचा नंबर लॅबच्या रिपोर्टशी ताडून बघायचा, बाकीचं मागाहून.

प्रमुखाचं निम्मं काम 'नाही' म्हणण्याचं. तुरुंगातनं येणाऱ्या पत्रांतली बहुतेक शिक्षा जास्त झाली एवढंच म्हणणारी असतात, ती मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या विधी सेवा प्राधिकरणाकडे पाठवायची. दर मुलाखतीला कैद्याची आई हात धरून कोंकणीत विचारते, 'बाय, कितें जालें?' (बाई, काय झालं?) आणि सांगण्यासारखं काहीच नसतं (हे कुठल्याही प्रशिक्षणात शिकवत नाहीत). संस्थेची नोंदणी सोसायटी किंवा कंपनी कायद्याच्या कलम ८ ची (ना-नफा) कंपनी म्हणून. परदेशी पैसा घ्यायचा तर एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची नोंदणी लागते.

चुकीने शिक्षा भोगलेल्यांच्या भरपाईचा वेगळा कायदा नाही. विधी आयोगाने २०१८ मध्ये २७७ व्या अहवालात तो सुचवला होता. विनाकारण अटक करवली म्हणून फौजदारी प्रक्रिया संहितेत (२०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) जी भरपाई आहे तिची मर्यादा १,००० रुपये. जालन्याच्या सहा जणांना प्रत्येकी ५ लाख मिळाले ते कोर्टाच्या आदेशाने.